उन्हाळी विज्ञान कार्यक्रम: फुकटच्या जागा नेमक्या कुणाला?

रानवाट (न्यू जर्सी)
अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या विद्यापीठात १९७० च्या दशकापासून ‘माइट्स’ हा उन्हाळी कार्यक्रम चालतो. अकरावी झालेली मुलं सहा आठवडे तिथे राहून गणित, भौतिकशास्त्र, जीव किंवा रसायनशास्त्र, मानव्यविद्या आणि एक प्रकल्प एवढं सगळं करतात. शिकवणं, राहणं, जेवण फुकट. प्रवासखर्च तेवढा आपला. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूलनिवासी, खेड्यातली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणारी मुलं इंजिनिअरिंगच्या वर्गात फार कमी दिसतात. ती तिथवर पोचावीत, हा हेतू.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात यावरून वाद झाला. ‘आमची मुलं मार्क मिळवूनही बाहेर आणि यांच्यासाठी पायघड्या’ असा सूर होता. मला तो अजिबात पटला नाही.

मी इथल्या सरकारी हायस्कुलात गणित शिकवते. आमचा भौतिकशास्त्राचा शिक्षक सोडून गेला, तर ती जागा वर्षभर भरली नाही. मुलं लॅपटॉपवर व्हिडिओ बघून प्रश्नपत्रिकेच्या रिकाम्या जागा भरत बसायची आणि बदली शिक्षक फक्त हजेरी घ्यायचा. तिथून पंधरा मिनिटांवरच्या दुसऱ्या शाळा-विभागात (डिस्ट्रिक्टमध्ये) रोबोटिक्ससाठी स्वतंत्र खोली आहे. आपली बहुतेक मुलं त्या दुसऱ्या शाळेत असतात आणि उन्हाळ्यात आपण हजारो डॉलर भरून त्यांना विद्यापीठांच्या कॅम्पला पाठवतो. पायघड्या कुणासाठी आहेत, ते सांगा.

लंबक
ताई, शाळांबद्दल बोललात ते खरं. पण गरज घरच्या उत्पन्नावरून ठरवा, वंशावरून नको. पेट्रोलपंपावर रात्रपाळी करणाऱ्या आपल्या माणसाची मुलगी आणि डॉक्टर आईबापांचा कृष्णवर्णीय मुलगा यांत जास्त गरज कुणाला? प्रवेश देताना वंश बघायचा नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मग तेच मागच्या दाराने कशाला?

रानवाट (न्यू जर्सी)
मागचं दार नाही ते. कायदेशीर तक्रारी झाल्यावर एमआयटीने २००३ मध्येच हा कार्यक्रम सगळ्या वंशांच्या मुलांना खुला केला. तुम्ही म्हणताय त्या पंपावरच्या माणसाच्या मुलीने अर्ज जरूर करावा. निबंध आणि शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. लिहायला मी मदत करेन, मनापासून सांगते.

आणि निकालानंतर काय झालं तेही बघा. २०२४ मध्ये एमआयटीत आलेल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं सुमारे ५ टक्के होती. आधीच्या काही वर्षांची सरासरी १३ होती. दारातली मदत गेली, म्हणून दारापर्यंतच्या वाटेवर जास्त काम करावं लागणार.

पाटीपेन्सिल
मी वेगळ्या कारणासाठी विरोधात आहे. अकरावीनंतर फार उशीर झालेला असतो. या देशात आठवीत बीजगणित झालं तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठता येतं. ते हुकलं की पुढची सगळी साखळी एकेक वर्ष मागे सरकते. नागरी हक्क चळवळीतल्या बॉब मोझेस यांनी हे ओळखून १९८२ मध्ये ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला, तोही मिडल स्कूलच्या (सहावी ते आठवी) मुलांसाठी. सहा आठवड्यांचा पाहुणचार मूठभर हुशारांना मिळतो आणि त्यांचे फोटो माहितीपत्रकात झळकतात. बाकीची मुलं सप्टेंबरमध्ये परत त्याच शिक्षक नसलेल्या वर्गात. तोच पैसा रानवाट यांच्या शाळेत भौतिकशास्त्राचा शिक्षक टिकवायला वापरला तर?

गरीब घरच्या हायस्कूलच्या मुलांना कॉलेजसाठी तयार करणाऱ्या इथल्या केंद्र सरकारच्या ‘अपवर्ड बाउंड’ कार्यक्रमाचं मोठं मूल्यमापन झालं होतं. एकूण कॉलेजप्रवेशावर त्याचा ठळक परिणाम दिसला नाही.

आबोली
अर्धंच सांगितलंत. त्याच मूल्यमापनात, ज्या मुलांना स्वतःच्या शिक्षणाबद्दल फारशी आशाच नव्हती, त्यांच्यात चांगला फरक दिसला होता.

शिवाय कोहोड्स, हो आणि रोब्लेस या तिघींचा २०२२ चा अभ्यास वाचा. एका तंत्रविद्यापीठाच्या उन्हाळी कार्यक्रमांत पात्र अर्जदारांमधून सोडतीसारख्या पद्धतीने निवड झाली होती. त्यामुळे जागा मिळालेली आणि हुकलेली मुलं गुणवत्तेने सारखीच. ‘हुशार होतीच, पुढे जाणारच होती’ हा आक्षेप तिथे टिकत नाही. सर्वांत सखोल कार्यक्रमात जागा मिळालेल्यांमध्ये चार वर्षांत विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण ३३ टक्क्यांनी वाढलं. केवळ चांगल्या कॉलेजात गेल्याने जेवढी वाढ अपेक्षित होती, त्याहून ही जास्त आहे.

पाटीपेन्सिल
अभ्यास चांगलाच आहे. पण तो अर्ज केलेल्या मुलांबद्दल बोलतो. ज्या शाळेत असा कार्यक्रम असतो हेच कुणाला ठाऊक नाही, तिथल्या मुलांचं काय? माझा सगळा भर त्यांच्यावर आहे.

सह्यकडा (नाशिक)
इकडचं थोडं अवांतर. भारतात केंद्राची ‘विज्ञान ज्योती’ योजना नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहे आणि नवोदय विद्यालयांतून वर्षभर चालते. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा आल्या, तेव्हाही ‘मुलांवर अन्याय’ म्हणून ओरड झालीच होती. मला वर्षभराची पद्धत जास्त पटते. जवळच्याच शाळेत मुलगी गेली तर घरचे परवानगी देतात; सहा आठवडे परगावी म्हटलं की चर्चाच बंद.

लंबक
२००३ चा बदल मला ठाऊक नव्हता. तरी उत्पन्नाची अट पक्की लिहून ठेवावी, या मतावर मी ठाम आहे.

रानवाट (न्यू जर्सी)
उत्पन्नाचं म्हणताय तर मजुरीबद्दलही बोला. माझ्या वर्गातली सोळा-सतरा वर्षांची मुलं उन्हाळ्यात दुकानात, हॉटेलात काम करतात आणि त्या पगारातून घरभाड्याला हातभार लावतात. सहा आठवडे फुकट जेवण मिळालं तरी तो पगार बुडतोच. ‘अपवर्ड बाउंड’मध्ये विद्यावेतन आहे, पण कायद्याने उन्हाळ्यात महिन्याला जास्तीत जास्त ६० डॉलर. बुडालेल्या पगाराएवढं विद्यावेतन द्या, ही माझी पहिली मागणी. पाटीपेन्सिल, आठवीच्या बीजगणितासाठी डिस्ट्रिक्टच्या बैठकीत बोलायला मी तुमच्याबरोबर येते. पण तोवर यंदा अकरावीत असलेल्या मुलांना थांबा म्हणायला मी तयार नाही.

पाटीपेन्सिल
बैठकीला या. विद्यावेतनाच्या मागणीवर माझीही सही घ्या. निधी वाटायची वेळ आली की मात्र मी आठवीच्या बाजूने हात वर करणार.