जुनी चिंच औषधाला आणि नवी आमटीला, हा भेद कितपत खरा?

हुक्केरीची सून
सर्वांना नमस्कार. आमच्या बांधावरच्या झाडाची चिंच झोडून, टरफले, शिरा आणि चिंचोके काढून झाले आहेत. सासूबाई दरवर्षी तिच्यातली काही चिंच खडेमीठ लावून बरणीत बंद करतात आणि दोन-तीन वर्षांनी ती काळीभोर झाली की केवळ औषधासाठी काढतात. पोट साफ होत नसेल तर तिचे गूळ घातलेले पाणी, आणि मुका मार लागला तर मिठासह गरम केलेला लेप. आमटीला मात्र ती मुळीच घेऊ देत नाहीत. माझे माहेर चंदगडकडचे असल्याने आमच्या स्वयंपाकात आमसूलच अधिक असते. जुन्या व नव्या चिंचेच्या गुणांत खरोखर फरक असतो का? शिवाय सासऱ्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. त्यांना हे पाणी द्यावे का?

निपाणीकर काकू
स्वयंपाकापुरते सांगते. चिंच काळी पडते ती तिच्यातली साखर आणि इतर घटक यांच्यात हळूहळू होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. नीट वाळवून मीठ लावलेली असेल तर ती नासलेली नसते, आणि टार्टरिक आम्ल हा आंबटपणाचा मुख्य भाग टिकून राहतो. त्यामुळे येळवणीच्या, म्हणजे पुरणाची डाळ शिजवून काढलेल्या पाण्याच्या, आमटीला जुनी चिंच बिनदिक्कत चालते, किंबहुना त्या आमटीचा गडद रंग तिनेच खुलतो. नवी चिंच घ्यावी ती साध्या वरणाला किंवा साराला, जिथे काळपटपणा डोळ्यांना खटकतो. अळूच्या भाजीत मात्र नवी-जुनी कोणतीही घाला, पण विसरू नका, कारण अळूची खाज मारण्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरली जाते. याहून महत्त्वाची गोष्ट कोळ केव्हा घालायचा ही आहे. डाळ पूर्ण शिजण्याआधी आंबट पडले तर तिचे दाणे मऊ होत नाहीत आणि गॅस उगाच जळतो. चिंच बदलून पाहण्याआधी हे तपासावे, असे मी नव्या सुनांना नेहमी सांगते.

वैद्य, गोकाक
आयुर्वेदात मुख्य भेद केला आहे तो कच्च्या आणि पिकलेल्या चिंचेचा. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात कच्ची चिंच पचायला जड, वात कमी करणारी, पण पित्त, कफ व रक्तदोष वाढवणारी सांगितली आहे, तर पिकलेली चिंच भूक वाढवणारी, सारक, उष्ण आणि कफवात कमी करणारी म्हटली आहे. जुनी चिंच सौम्य असते ही समजूत घरोघरी आढळते, आणि बरणीतली चिंच पूर्ण पिकलेलीच असल्याने सासूबाईंच्या पद्धतीत वावगे काही नाही. फक्त ‘जुनी म्हणजे औषध आणि नवी म्हणजे अपथ्य’ असा कडक नियम मानू नये. पोट साफ होण्यास मदत होते ती तिच्यातली आम्ले आणि त्यांचे क्षार यांमुळे, आणि ते नव्या चिंचेतही असतातच. सालीची राख करून काढलेला चिंचाक्षार तर शंखवटी या पचनाच्या गोळीत पडतो, म्हणजे या झाडाचा औषधी उपयोग गरापुरता मर्यादित नाही.

लेपाविषयी एवढेच, की कातडी फाटलेली असेल तिथे मीठ-चिंच लावू नये, आणि सूज उतरत नसेल तर हाड मोडले आहे का हे एक्स-रे काढून पाहावे.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. चिंचेबरोबर घेतल्यास अ‍ॅस्पिरिन (हेही रक्त पातळ ठेवण्यासाठी देतात) आणि आयबुप्रोफेन शरीरात अधिक शोषले जाते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. आमटीतल्या चमचाभर कोळावर माझा आक्षेप नाही, पण औषध म्हणून घट्ट पाणी रोज देण्याआधी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही सांगावे, कारण १०० ग्रॅम गरात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते.

अथणीचा शेतकरी
काकूंशी सहमत आहे. कच्च्या चिंचेची बाजू मात्र कोणी घेतली नाही, म्हणून लिहितो. चिंचोका कठीण होण्याआधीचे हिरवे आकडे मीठ, हळद, मेथी, हिंग आणि मिरची घालून कुटले की जो तोक्कू होतो, तो ज्वारीच्या भाकरीबरोबर वर्षभर पुरतो; पित्ताची तक्रार असणाऱ्यांनी बोटभरच घ्यावा. चिंचोकेही फेकू नका. घोंगडी विणणारे त्यांची खळ करून सूत ताठ करतात आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळते.

हुक्केरीची सून
सर्वांचे आभार. सासऱ्यांचे पाणी तूर्त थांबवले असून पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारणार आहे. येळवणीला काळी चिंच घालण्याची परवानगी मात्र सासूबाईंकडून अजून मिळालेली नाही. या वर्षीची चिंच पितळेच्या डब्यात भरली तर चालेल का?

निपाणीकर काकू
अजिबात नको. ज्या आम्लाने आपण तांब्या-पितळेची भांडी लख्ख घासतो, तेच डब्याचे तांबे चिंचेत उतरवील. चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्यावी, तळाशी आणि वर खडेमीठ पसरावे, आणि चिंच काढताना हात व चमचा कोरडा असावा.