मदत हवी आहे : टायर तपकिरी पडलेत, धुऊनही काळे होत नाहीत

घाईत_आहे
गाडीचे टायर तपकिरी पडलेत. ओले असताना बरे दिसतात, सुकले की पुन्हा तेच. कशाने जाईल? शनिवारच्या आत हवं आहे. आणि कृपया "टायर बदला" सांगू नका, ते सर्व्हिसिंगवाल्याने सांगून झालंय.

शंकासुर
कुठे तपकिरी? रस्त्याला टेकतो तो भाग की बाजू? किती जुने आहेत? कशाने धुता? वरून काही लावता का? एवढं तरी लिहा हो.

घाईत_आहे
बाजूलाच, आणखी कुठे असणार. शाम्पूने धुतो, सगळे धुतात तसेच. कंपनीने दिलेलेच टायर आहेत.

स्पॅनर
डिझेल. फडक्यावर थोडं घ्यायचं आणि फिरवायचं. काळेभोर. विषय संपला.

पॉलिमरवाली
डिझेल, रॉकेल, पेट्रोल, काहीच लावू नका. रबर ते शोषून घेतं, फुगतं आणि मऊ पडतं. दोन दिवस काळं दिसेल, मग त्याच तेलकटपणावर धूळ बसेल.

स्पॅनर
आमच्याकडे वर्षानुवर्षं लावतात. एकही टायर फुगून उडालेला नाही.

पॉलिमरवाली
उडतो असं मी म्हटलंच नाही.

मूळ प्रश्नाकडे. हा तपकिरी रंग बहुतेक वेळा मळ नसतोच. हवेतल्या ओझोनने रबराला बारीक भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून रबर तयार करतानाच त्यात ६पीपीडी नावाचं रसायन आणि थोडं मेण घालतात. गाडी उभी असते तेव्हा मेणाचा थर राखण करतो. गाडी चालू लागली की टायरची बाजू सतत दबते-सुटते, मेणाचा थर तडकतो आणि मग काम रसायनावर येतं. ते आतून हळूहळू वर येतं, रबराच्या आधी स्वतः ओझोनशी भिडतं आणि तपकिरी होतं. याला ब्लूमिंग म्हणतात. नुसत्या रंगावरून टायर बाद झाला म्हणणं चूक आहे.

घाईत_आहे
म्हणजे घासून काढलं तर टायरचं संरक्षणच गेलं?

पॉलिमरवाली
नाही. आत साठा असतो, तो वर येतच राहतो. तुम्ही काढताय ते वापरून संपलेलं.

निवृत्त_नाना
टायरमध्ये नायट्रोजन भरा. हवा लवकर कमी होत नाही. मी साधी हवा भरणं कधीच सोडलं.

शंकासुर
नाना, रंग बाहेरून बदलतोय. आत काय भरलंय याचा इथे काय संबंध?

निवृत्त_नाना
संबंध नाही कसा? एकूण टायरची निगा म्हणून सांगितलं. हल्ली कोणाला काही सांगायची सोय राहिली नाही.

बुडबुडा
माझे तर नवे कोरे टायर महिन्याभरात तपकिरी झाले. त्यांचं काय?

पॉलिमरवाली
नवा टायर साच्यातून सुटावा म्हणून त्याला एक बुळबुळीत लेप असतो. तो पृष्ठभागावर राहून जातो आणि धूळ धरून ठेवतो. सुरुवातीलाच एकदा नीट घासून काढलेला बरा. शिवाय पुढच्या चाकांवर ब्रेकची भुकटी जास्त बसते, तिची तपकिरी झाक वेगळी. ती मात्र खरोखर मळच.

शंकासुर
घाईत_आहे, माझा चौथा प्रश्न तसाच राहिला. वरून काही लावता का?

घाईत_आहे
पॉलिश लावतो. चकाकी येते ते, स्प्रेवालं. दर धुण्यानंतर. सगळेच लावतात. आणि तपकिरी दिसलं म्हणून लावतो, लावल्यामुळे तपकिरी झालं असं नाही.

फेसाळ
आता कुठे मुद्द्यावर आलात. मी हौसेने स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्या धुतो, म्हणून सांगतो. चिकट, तेलकट चकाकीचे स्प्रे बरेचदा सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेलकट पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवात, कालवलेले असतात. सॉल्व्हंट आतलं रसायन आणखी वर खेचतं आणि चिकट थर धूळ धरतो. तुम्ही खालचा थर न काढता दर वेळी वरून नवा चढवताय, मेकअपवर मेकअप. शाम्पू त्याला भेदू शकत नाही. शाम्पू गाडीच्या रंगासाठी असतो, मुद्दाम सौम्य केलेला.

असं करा. गाडी सावलीत, टायर थंड. एका वेळी एकच चाक. पाणी मारून माती घालवा. मग टायर क्लीनर किंवा पातळ केलेला डिग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्रव) मारा, मिनिटभर थांबा, सुकू देऊ नका, आणि कडक ब्रशने गोल गोल घासा. फेस बघा. पहिल्यांदा चहाच्या रंगाचा, दाट येईल. अक्षरांच्या खाचांतून तर तपकिरी ओघळ निघतात. धुवा, पुन्हा मारा, पुन्हा घासा. फेस पांढरा राहिला की ते चाक झालं. रिमसाठीचा आम्लाचा क्लीनर टायरवर वापरू नका.

लिंबूटिंबू
लिंबू आणि खाण्याचा सोडा. घरात असतं, फसफसतं, स्वस्त.

फेसाळ
फसफसतं, कारण ते एकमेकांनाच संपवतात. उरतं ते खारट पाणी.

घाईत_आहे
डिकीतलं स्टेपनी मात्र काळंभोर आहे. त्याच कंपनीचं, त्याच वयाचं. हे कसं?

पॉलिमरवाली
ऊन नाही, फिरणं नाही, ब्रेकची भुकटी नाही. आणि त्याला पॉलिशही लावत नसाल.

मासेमार_मन
थोडं अवांतर. या ६पीपीडीचं ओझोनशी जुळून ६पीपीडी-क्विनोन होतं. रस्त्यावर झिजलेल्या टायरचे कण पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोहो सामन मासे पावसानंतर मरायचे, त्याचं कारण हेच निघालं. संशोधन २०२० च्या शेवटी आलं. आता पर्याय शोधताहेत.

स्पॅनर
आता टायर धुवायलाही परवानगी काढायची का?

मासेमार_मन
नाही, पण ते पाणी नाल्यात सोडण्याआधी विचार करायला काय जातं? तुमचं डिझेलही तिथेच जातं.

शंकासुर
शनिवारी आहे तरी काय?

घाईत_आहे
गाडी विकायची आहे. माणूस बघायला येतोय.

शंकासुर
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! जाणकार माणूस रंग बघणार नाही. तो टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचेल. ३५२१ असेल तर २०२१ चा पस्तिसावा आठवडा. मग खाचांमधल्या उंचवट्यांकडे बघेल. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे खोली १.६ मिमी उरली, टायर संपला. आणि बाजूला भेगा आहेत का ते बघेल. तुम्हीही घासून झाल्यावर तेच बघा. भेगा असतील तर सर्व्हिसिंगवाला बरोबर होता.

निवृत्त_नाना
आणि हवा कुठली भरली आहे तेही विचारेल.

फेसाळ
शेवटचं. घासून पूर्ण सुकल्यावर वॉटर बेस्ड ड्रेसिंग (सॉल्व्हंटऐवजी पाण्यात कालवलेलं टायर पॉलिश) स्पंजने, अगदी पातळ, आणि दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. चकचकीत नाही, मंद काळं दिसतं. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या डिस्कवर थेंबही नको, गाडी घसरेल किंवा ब्रेक नीट लागणार नाही. हे कायमचं नाही. तपकिरी परत येणारच, फक्त दर धुण्याला ब्रश फिरवलात तर थर साचत नाही.

घाईत_आहे
पुढचं डावं चाक केलं. फेस खरंच चहासारखा. अजून न घासलेल्या उजव्याशी ताडून बघितलं तर वेगळ्या गाडीचं वाटतंय. भेगा दिसत नाहीत, आकडे अजून सापडले नाहीत. ब्रश नायलॉनचा मऊ पडतोय, तारेचा घेऊ का?

फेसाळ
तारेचा नको! रबर ओरखडेल. नायलॉनचाच, पण आखूड केसांचा घ्या.

शंकासुर
आकडे आतल्या बाजूला असतील. चाक वळवून टॉर्च मारा.