'टॉवर' म्हणजे लंडनमध्ये बनलेलं?

एका जुन्या गारगोटीच्या पिस्तुलाबद्दल कुणी म्हटलंय की त्याच्या चापाच्या वरच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर 'टॉवर' (लंडनच्या टॉवरमधलं सरकारी शस्त्रागार) आणि मुकुटाखाली 'जीआर' (राजा जॉर्जची आद्याक्षरं) आहे, म्हणजे पिस्तूल ईस्ट इंडिया कंपनीचंच. तिथेच घोळ आहे. ती ब्रिटिश सरकारी लष्कराची खूण. कंपनी आपला माल वेगळा घ्यायची आणि स्वतःची खूण ठोकायची: आधी बदामाच्या आकारात 'व्हीईआयसी' (युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी) अक्षरं, १८०८ च्या सुमारापासून मुकुट धरलेला सिंह. शिवाय 'टॉवर' असलं तरी सुटे भाग बहुतेकदा बर्मिंगहॅमचे असत.

वर्णनावरून हे 'न्यू लँड पॅटर्न', म्हणजे ब्रिटिश घोडदळाचं एका ठरावीक नमुन्याचं पिस्तूल वाटतं. ९ इंची गोल नळी, साधारण .६५ इंचाचा आतला व्यास, मुठीला पितळी टोपी. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे गज, म्हणजे दारू-गोळी नळीत ठासायची सळई. तो नळीच्या तोंडाशी बिजागरीने जोडलेला असतो. बाहेर ओढायचा, फिरवायचा, नळीत घालायचा. स्वाराच्या एका हातात लगाम, खाली घोडा नाचतोय, अशात सुटा गज पडला की पिस्तुलाचा सोटाच झाला!

चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, त्याच धक्क्याने पट्टी पुढे उलटून रंजकाची (पेट घेणाऱ्या बारीक दारूची) वाटी उघडी होते आणि ठिणग्या थेट आत. तोड्याच्या बंदुकीसारखी पेटती वात सांभाळायला नको. जोराच्या पावसात मात्र दोन्हींची पंचाईतच.

घ्यायच्या आधी गजाची बिजागरी आणि कान (वाटीतून नळीत जाणारं बारीक भोक) नीट बघा. 'टॉवर' ठोकलेल्या नकला बाजारात पोत्याने मिळतात.