गडचिरोलीतील श्वासमापक कोणत्या विद्याशाखेचा?

प्रश्न: मी समाजकार्याची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर सुइणींसाठी तयार केलेला श्वासमापक प्रबंधात आरोग्याच्या प्रकरणात घ्यावा की तंत्रज्ञानाच्या?

उत्तर १: आधी त्यामागची अडचण पाहावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असतील तर न्यूमोनियाची शंका घेतात. पण जिला साठपर्यंत मोजताच येत नाही, तिने काय करावे? म्हणून मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांची जोड दिली गेली, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवणे एवढेच काम उरले. सुइणीला अंकगणित शिकवण्याऐवजी साधनच तिच्याजोगते केले, ही मला तरी समाजशास्त्रीय दृष्टी वाटते.

उत्तर २: सहमत, मात्र साधनावरच थांबू नका. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात घरोघरी नवजात बालसेवा मिळालेल्या ३९ गावांची ४७ गावांशी तुलना आहे, आणि नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसते. गावांची निवड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नव्हती, हा आक्षेपही नोंदवा. परीक्षक तो विचारतातच.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, सर. मग संशोधनपद्धतीचे प्रकरण स्वतंत्र करते.