मेट्रो स्टेशन ते घर, सव्वा किलोमीटर : तुम्ही कसं जमवलंत?

पौडरस्ता_आतली_गल्ली

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथे तो बऱ्याच जणांच्या घरात असणार.

आम्ही पुण्यात राहतो, चौघं. मी, नवरा, नुकती दहावी झालेला मुलगा आणि 71 वर्षांच्या सासूबाई. खाली एक कार, दोन स्कूटर. मुलगा अकरावीला गेला की त्याला तिसरी घ्यायची, हे घरात जवळपास ठरलेलंच. नवऱ्याचं म्हणणं, इलेक्ट्रिक घेऊ, म्हणजे धुराचा प्रश्न मिटला. मी म्हटलं, धूर मिटेल, जागेचं काय? 24 फ्लॅटची इमारत, दुचाकी लावायच्या शेडमध्ये आताच हँडलात हँडल अडकतं. सकाळी आपली गाडी काढायची तर शेजारच्यांच्या दोन सरकवाव्या लागतात. बॅटरीवर चालणारी गाडीही तेवढीच जागा खाते.

माझं ऑफिस कल्याणीनगरला. सात वर्षं कोथरूडहून स्कूटरने गेले. कर्वे रस्ता, डेक्कन, संचेतीचा चौक, बंडगार्डनचा पूल. तोंडाला स्कार्फ, त्यावर गॉगल, आणि तरी घरी आल्यावर रुमालाने नाक पुसलं की रुमाल काळा. मार्च 2024 मध्ये मेट्रो रुबी हॉलच्या पुढे रामवाडीपर्यंत गेली आणि आयडियल कॉलनीला बसून थेट कल्याणीनगरला उतरता यायला लागलं. मध्ये बदलायची भानगड नाही. मुठेवरून गाडी जाते तेव्हा मी रोज मान वर करून बाहेर बघते. त्या नदीवरून सात वर्षं गेले, पण कधी पाहिली नव्हती, नजर पुढच्या गाडीच्या ब्रेकलाइटवर असायची. संध्याकाळी घरी येते तेव्हा अंगात त्राण असतं. मुलाशी दोन शब्द धड बोलता येतात.

गाडं अडतं ते स्टेशनपासून पुढे. आमची गल्ली कर्वे पुतळ्याच्या बाजूला, स्टेशनपासून सव्वा किलोमीटर. रिक्षावाल्यांना जवळचं भाडं नको असतं. शेअर रिक्षा मोठा रस्ता सोडत नाही. बस मोठ्या रस्त्याने जाते, आत वळत नाही. चालायला माझी ना नाही, पण वाटेत फुटपाथवर विजेची डीपी पेटी, पुढे कुणाच्या तरी पायऱ्या, मग खोदून अर्धवट बुजवलेला चर, मग लावलेल्या गाड्या. शेवटी सगळे रस्त्याच्या कडेनेच चालतात. पावसाळ्यात डबक्याखाली खड्डा आहे की झाकण, कळत नाही. म्हणून मी सव्वा किलोमीटरसाठी स्कूटर काढते आणि ती लावायला जागा शोधत स्टेशनभोवती फिरते. मग स्कूटर विकायची कशी?

सासूबाईंचं वेगळंच. त्या पूर्वी भाजी, देऊळ, पोस्ट सगळं पायी करायच्या. गेली दोन वर्षं कारशिवाय बाहेर पडत नाहीत. गुडघ्याचं दुखणं आहे, पण एवढं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "रस्ता उंच झालाय गं."

ज्यांनी खरोखर घरातली एखादी गाडी कमी केली, त्यांनी सांगा. स्टेशन ते घर हा तुकडा तुम्ही कसा सोडवलात?

डबलबेल

ताई, मी 32 वर्षं बस चालवली. 1988 ला पुण्याच्या बससेवेत, पीएमटीत लागलो, 2007 मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, 2020 ला निवृत्त झालो. आमच्या वेळच्या गाड्यांना इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. मे महिन्यात बॉनेटच्या धगीने डावी पोटरी भाजून निघायची. आम्ही तिथे पोतं टाकायचो. 2019 पासून विजेवरच्या बस आल्या, त्यात आता प्रवासी म्हणून बसतो तेव्हा पहिलं लक्ष त्या ड्रायव्हरच्या पायाकडे जातं. बरं वाटतं बघून.

आता तुमच्या प्रश्नाचं. बस वेळेवर का येत नाही, याचं कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं असतं. समजा, दर दहा मिनिटाला एक बस आहे. पहिली बस चौकात पाच मिनिटं अडकली. पुढच्या थांब्यावर तेवढ्या वेळात जास्त माणसं जमली. ती चढायला वेळ लागला, बस आणखी मागे पडली, त्यापुढच्या थांब्यावर आणखी माणसं. तिच्या मागच्या बसला मात्र थांब्यावर कुणीच नाही, ती पळत येऊन पहिलीला टेकते. मग वीसेक मिनिटं काही नाही आणि दोन बस एकदम, पुढची खच्चून भरलेली, मागची रिकामी. यात ड्रायव्हरचा दोष नाही, कंडक्टरचाही नाही. बसला रस्ता मोकळा मिळाला नाही की हे होणारच.

डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी. मी कात्रजच्या बाजूने गाडी काढायचो. मार्गिका सलग मोकळी मिळाली त्या खेपेला मी स्वारगेटला वेळेवर टेकलोय, आणि उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने खिडकीशी येऊन हात वर केलाय. मार्गिकेत इतर गाड्या घुसल्या की सगळं पाण्यात. बसला वेगळी वाट द्यायची तर ती चौकातसुद्धा तुटू द्यायची नाही, एवढं एक मला तिथे कळलं.

तुमच्या गल्लीला मोठी बस नको. छोटी बस, स्टेशन ते पुतळा ते स्टेशन अशी गोल फिरणारी, दर दहा मिनिटाला. चाळीस मिनिटांनी येणारी मोठी बस असून नसल्यासारखी, कारण तिच्या भरवशावर कुणी घरून निघत नाही. आठ दिवस सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ, स्टेशनवरून तुमच्या बाजूला किती माणसं चालत वळतात ते मोजा. वेळेसकट लिहा, वीसपंचवीस सह्या घ्या आणि डेपोत कागद द्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आकडा लिहिलेला कागद फाइलला लागतो, आणि नवा मार्ग आखताना असा आकडा लागतोच.

रात्रपाळी

मी नर्स आहे. दुपारची पाळी रात्री दहाला सुटते, हँडओव्हर देऊन बाहेर पडेपर्यंत साडेदहा. मेट्रो आता रात्री अकरापर्यंत असते, त्यामुळे गाडी मिळते. पण स्टेशनच्या जिन्याखाली उतरले की पुढचे आठशे मीटर अंधार, बंद दुकानांची शटर आणि कुत्री. मी स्कूटर विकणार नाही, आणि मला कुणी ती विक म्हणून समजावू नये.

यात एक मात्र सांगायचंय. याच वाटेवर नाक्याला एक अंडाभुर्जीची गाडी असते. ती लागलेली असली की मी चालत जाते. दिवा असतो, चार माणसं असतात, भुर्जीवाले दादा ओळखतात. त्यांना हटवलं त्या महिन्यात मी रोज स्कूटर नेली. फुटपाथ मोकळा करताना सगळ्यात आधी हातगाड्या हटवतात आणि लावलेल्या कार तशाच राहतात. बाईच्या दृष्टीने ते उलटं आहे.

स्केलपट्टी

मी रस्त्यांच्या आराखड्यांचं काम करते. वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. चांगल्या आराखड्यात पथारीवाल्यांची जागा चालायच्या पट्ट्याबाहेर, झाडांच्या आणि दिव्याच्या खांबांच्या ओळीत काढतात. 2016-17 च्या सुमारास जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले, तेव्हा बाकं आणि झाडं अशीच एका ओळीत घेतली. तिथे आज लोक नुसते बसायलाही येतात.

पौडरस्ता ताई, तुमच्या सासूबाईंचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्या बरोबर बोलल्या आहेत. आयआरसी 103 ही इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांच्या सोयींची मार्गदर्शिका आहे. त्यानुसार फुटपाथची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे एक वीत सुद्धा नाही. चालायला किमान 1.8 मीटर सलग मोकळी रुंदी हवी, म्हणजे समोरासमोर दोन व्हीलचेअर निघतील एवढी. प्रत्यक्षात काय होतं? रस्त्यावर डांबराचे थर चढतात, मग पाणी फुटपाथवर येऊ नये म्हणून फुटपाथ उंच करतात, वर गाड्या चढू नयेत म्हणून आणखी उंच करतात. तरुण माणूस उडी मारून चढतो. सत्तरीची बाई घरी बसते, आणि तिच्यासाठी कार काढावी लागते. तुमच्या घरातली कार कुणी विकू देत नसेल तर ती ही उंची.

दुसरं दुखणं सोसायट्यांच्या गेटचं. दर गेटपाशी फुटपाथ तोडून रस्त्याच्या पातळीला आणतात, का तर गाडीला धक्का बसू नये. खरं तर गेटपाशी फुटपाथ तसाच सपाट पुढे जायला हवा, आणि गाडीने छोट्या उतारावरून चढून तो ओलांडायला हवा. गाडीला काय, ती इंजिनावर चढते. माणसाला गुडघ्यावर चढावं लागतं.

2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच आहे की रस्ते गाड्यांसाठी नव्हे, माणसांच्या ये-जा करण्यासाठी आखा. पुण्याचं पादचारी धोरण 2016 चं, सायकल आराखडा 2017 चा, पार्किंग धोरण 2018 चं. कागद आपल्याकडे चांगले आहेत, मी मनापासून सांगते. पार्किंग धोरणाला मात्र एवढा विरोध झाला की ते कागदावरच राहिलं. गाडी रस्त्यावर फुकट लावता येते तोवर तिसरी गाडी घेणाऱ्याला थांबवणार कोण? एकदा टेप आणि खडू घेऊन सासूबाईंबरोबर तो सव्वा किलोमीटर चाला. जिथे उतरावं किंवा चढावं लागेल तिथे उंची मोजून लिहा. अशा यादीवरून माझ्यासारखीला काम करता येतं. "फुटपाथ खराब आहे" यावरून नाही करता येत.

उत्रेख्तहून

मूळचा सदाशिव पेठेतला, नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये. एकच गोष्ट सांगतो, कारण पुण्यात फोन केला की हमखास ऐकू येतं, "तुमच्याकडचे लोक आधीपासूनच तसे."

तसे नव्हते. 1970 च्या सुमारास इथलेही चौक गाड्यांनी भरलेले होते, आणि रस्त्यावर मुलं मरत होती म्हणून आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी गाड्या बंद ठेवल्या. उत्रेख्तमध्ये तर जुना कालवा बुजवून त्यावर मोटाररस्ता केला होता. तो उखडून 2020 मध्ये पुन्हा सलग पाणी सोडलं. मी त्या काठाने रोज जातो, उन्हाळ्यात पोरं त्यात होड्या घालतात.

स्टेशनखाली 12,500 सायकलींचा तळ आहे, पहिले 24 तास फुकट. सायकल लावून फलाटावर पोचायला मला चार मिनिटं लागतात. तुमच्या पोस्टमधलं "जागा शोधत स्टेशनभोवती फिरते" वाचून आठवलं. माझे वडील सायकलवर खडकीला कामाला जायचे आणि ती पेठेतल्या वाड्याच्या बोळात भिंतीला टेकवायचे. पुणं सायकलींचं शहर होतं ते अजून कुणाकुणाच्या डोळ्यांसमोर आहे.

पौडरस्ता_आतली_गल्ली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलंत ते करून बघितलं.

रविवारी सकाळी सात वाजता निघालो. सासूबाईंच्या हातात खडू, माझ्या हातात शिलाईच्या डब्यातली टेप, मुलाकडे वही. सासूबाई आधी तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, मोजणारच असाल तर माझ्या पायाने मोजा. 

सव्वा किलोमीटरला आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. 23 ठिकाणी उतरावं-चढावं लागलं. सगळ्यात उंच जागा 34 सेंटिमीटर. तिथे सासूबाईंनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, उजवा पाय वर टाकला, आणि डावा पाय काही केल्या येईना. चेहरा आक्रसला, पण आवाज नाही काढला. मुलाने त्यांना कमरेला धरून वर घेतलं. नंतर घरापर्यंत तो गप्प होता. रात्री स्वतःहून म्हणाला, स्कूटर एवढ्यात नको, आजोबांची सायकल दुरुस्त करून देतेस का? ती माळ्यावरून काढली आहे. ट्यूब दोन्ही गेल्यात, फ्रेम उत्तम आहे. ती स्टेशनला लावतो, आणि मेट्रोत नेऊ देतात तर कधी बरोबरही नेईन म्हणतोय.

डबलबेल काका, माणसं पाचच दिवस मोजता आली. संध्याकाळी सहा ते आठमध्ये रोज दोनशेच्या वर माणसं आमच्या बाजूला वळतात. मला वाटलं होतं पन्नास असतील. सह्या 31 झाल्या, कागद परवा देते.

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून आमच्या नाक्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांचं नाव यादीत "हटवा" मधून काढून "दिवा हवा" मध्ये घातलं.

आणि स्केलपट्टी ताई, 23 मधल्या एकोणिसाव्या खुणेपाशी आम्ही तिघंही थांबलो. फुटपाथ तोडून गेटला उतार केलेला, वर पेव्हर ब्लॉक, कडेला 29 सेंटिमीटरची पायरी. ती आमच्याच सोसायटीची. दोन वर्षांपूर्वी गाड्यांचे बंपर घासतात म्हणून तो उतार करून घेतला होता, आणि त्या ठरावावर माझी सही आहे. सासूबाई तेव्हापासूनच बाहेर पडायच्या थांबल्या का, ते मी त्यांना विचारलेलं नाही.

22 तारखेला सर्वसाधारण सभा आहे. उतार काढून फुटपाथ सपाट करायचा विषय लेखी दिलाय. गेटपाशी असा सपाट फुटपाथ केलेली सोसायटी कोथरूडच्या आसपास कुणाच्या माहितीत असेल तर जागा सांगा. सभेच्या आधी कमिटीच्या लोकांना नेऊन दाखवायची आहे.