रीफ टँकमध्ये हात घालताना ग्लोव्हज: गरज की उगाच भीती?

खारंपाणी:
स्पष्टच लिहितो. रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, उघडा हात घालायची सवय बंद व्हायला हवी. "इतकी वर्षं घालतोय, काही झालं नाही" हे उत्तर मला अजिबात पटत नाही, कारण आपण हौसेने पॅलिथोआ या प्रवाळासारख्या जीवाच्या कॉलन्या वाढवतो त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं आणि ते निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे. १९७१ मध्ये मूर आणि शॉयर यांनी हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळं काढलं, आणि तिथल्या माउई बेटावर हे भाल्याच्या टोकाला लावायचे अशी जुनी कथा आहे. पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप असतो ना, त्याला ते चिकटतं आणि पंपाचं सताड उघडं दार करून टाकतं, मग स्नायू, हृदय, सगळ्यावर परिणाम. आणि टँकमधला रॉक (खडक) हलवणाऱ्या माणसाच्या बोटांवर एकही ओरखडा नाही असं कधी असतं का?

प्रवाळवेडा:
असहमत. पॅलिटॉक्सिन खरं आहे पण ते प्रत्येक झोअँथिडमध्ये (पॅलिथोआ ज्या गटात येतो त्यातल्या जीवांमध्ये) नसतं, दिसायला सारख्या दोन कॉलन्यांमध्ये सुद्धा जमीन-अस्मानाचा फरक निघतो. आणि पडलेली गोगलगाय सरळ करायला पण ग्लोव्हज? फ्रॅग (प्रवाळाचा तोडलेला छोटा तुकडा) चिकटवताना बोटाला कळावं लागतं की त्याच्या खालचा प्लग (बैठक) खाचेत बसला का नाही. ग्लोव्हज घातले की सुपरग्लू आधी ग्लोव्हजलाच चिकटतो, ओढायला जावं तर रबर फाटतं नाहीतर फ्रॅग हातात येतो. त्यात मनगटापर्यंतचे ग्लोव्हज घालून हात खोल घातला की वरून पाणी आत, आणि तेच पाणी काम संपेपर्यंत कातडीला लागून बसतं. त्यापेक्षा उघडा हात बरा, बाहेर काढला की लगेच साबणाने धुता तरी येतो.

निळीलाट:
सगळे विषावरच अडलेत, मला त्यापेक्षा जास्त भीती मायकोबॅक्टेरियम मरिनमची वाटते. क्षयाच्या जंतूच्या कुळातला हा जंतू, १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांमध्ये पहिल्यांदा सापडला. त्याला तिशीच्या आसपासचं तापमान मानवतं म्हणून तो शरीरात खोल जाण्यापेक्षा बोटं, हाताची पाठ, कोपर इथेच घर करतो. रॉकने हात खरचटतो, आपण विसरून जातो, आणि बहुतेक वेळा २ ते ४ आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, तिथे लालसर-जांभळी गाठ येते, मग हळूहळू हातावर वर सरकत दुसरी, तिसरी. साध्या अँटिबायोटिकने हटत नाही, औषधं महिनोन्‌महिने चालतात. आणि डॉक्टरला "माझ्याकडे फिश टँक आहे" हे आपणहून सांगा हो, कारण लॅबमध्ये नमुना नेहमीच्या ३७ डिग्रीला ठेवला तर हा जंतू नीट वाढतच नाही आणि रिपोर्ट कोरा येतो.

प्रवाळवेडा:
निळीलाट, हे मान्य. हाताला जखम असेल तर ग्लोव्हज घालावेत नाहीतर त्या दिवशी हातच घालू नये. पण धागा "सवयच बंद करा" म्हणतोय, त्याला माझा विरोध आहे.

फ्रॅगताई:
कोणी टँकच्या बाजूने बोलणार का? हाताला क्रीम, सनस्क्रीन, साबणाचा अंश, नाण्यांचं किंवा वायरीचं तांबं, हे सगळं पाण्यात उतरतं आणि तांबं तर कोळंबी-गोगलगायींचा जीवच घेतं. मी लांब बाहीचे जाड ग्लोव्हज वापरते, खांद्यापर्यंत येणारे, आतून पावडर नसलेले, आणि घालायच्या आधी गोड्या पाण्याने धुते. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी नायट्राइल घ्यावेत. सवय व्हायला वेळ लागतो हे खरं, पण जाड नको असतील तर पातळ घ्या, बोटांना कळत नाही हा मुद्दा त्यांना लागूच होत नाही.

खारंपाणी:
ताई, अगदी. आणि ब्रिसल वर्म या अंगभर काटे असलेल्या किड्याचं काय? रॉकखाली बोट गेलं की पेराला पांढरे, केसाहून बारीक काटे टोचून बसतात, उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत पण नाहीत, नुसती आग आग होते, चिकटपट्टी लावून ओढून काढावे लागतात. गोगलगाय सरळ करायला चिमटा वापरा ना, हात कशाला?

संथप्रवाह:
दोन्ही बाजूंचं वाचलं, आणि मला ही चर्चाच थोडी चुकीच्या जागी फिरतेय असं वाटतं. पॅलिथोआमुळे जे लोक खरोखर दवाखान्यात पोचलेत त्यातले बरेच रॉकवर उकळतं पाणी ओतून किंवा रॉक घरात उकळून कॉलनी मारायला गेलेले. वाफेतून विष श्वासात जातं, ताप, खोकला, धाप, आणि घरातली बाकी माणसं पण आजारी पडतात ज्यांनी टँकला हात सुद्धा लावलेला नसतो. तिथे ग्लोव्हज काय करणार? दुसरं, कॉलनी कापताना चिळकांडी उडते ती डोळ्यात, आणि बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून माझ्या मते आधी गॉगल, मग ग्लोव्हज, आणि रॉक गरम करायचा विचारच नको. लायनफिश हा विषारी काट्यांचा मासा असेल तर पातळ ग्लोव्हजवर भरवसा ठेवू नका, काटा आरपार जातो. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ डिग्रीच्या पाण्यात हात धरून डॉक्टरकडे निघायची तयारी करा.

प्रवाळवेडा:
गॉगलचं शंभर टक्के पटलं. पॅलिथोआ कापताना ग्लोव्हज पण घालेन. रोजच्या कामाला मात्र नाही, तिथे मी हात धुण्यावरच ठाम आहे.

खारंपाणी:
मग निदान कापून झाल्यावर ग्लोव्हज हातात असतानाच नळाखाली धुवा आणि उलटे करून काढा, त्याच हाताने घाम पुसायला गेलात तर घालून उपयोग नाही.