महिन्याला ६० चित्रं लागतात, मिडजर्नीचा बेसिक प्लॅन पुरेल का?

बोरू: मुलांच्या गोष्टींसाठी मिडजर्नीवर (शब्दांवरून चित्रं काढणारं एआय) महिन्याला ६० पक्की चित्रं काढायची आहेत, ए४ आकारात छापायची. बेसिकमध्ये ३.३ तास फास्ट जीपीयू (रांगेत न थांबता चित्रं काढायचा संगणकाचा वेळ) मिळतो, स्टँडर्डमध्ये १५ तास. बेसिकवर भागेल का? आणि एकदम वर्षाचाच घ्यावा का?

हिशोबनीस: पक्क्या चित्रांवरून हिशोब केलात तर फसाल. मोजायचे ते जॉब. एक प्रॉम्प्ट (हव्या त्या चित्राचं वर्णन) दिला की एक जॉब. त्यात चार चित्रं येतात आणि साधारण एक मिनिट जातं. ३.३ तास म्हणजे जेमतेम २०० मिनिटं. एका पक्क्या चित्रामागे ८ प्रयत्न धरा (तेच पात्र पानापानावर सारखं दिसायला हवं असेल तर ८ कमीच). ६० गुणिले ८ म्हणजे ४८० जॉब, ८ तास. व्हेरिएशन (त्याच चित्राचे थोडे बदललेले नमुने) आणि अपस्केल (चित्र मोठं करणं) वेगळे. दुसऱ्या आठवड्यातच बेसिक संपेल.

स्टँडर्ड घ्या, पण १५ तासांसाठी नव्हे, रिलॅक्स मोडसाठी. तिथं रांगेत थांबावं लागतं, मात्र मिनिटं कापली जात नाहीत. कच्चे प्रयत्न सगळे रिलॅक्समध्ये काढा, फास्ट घाईच्या कामाला राखून ठेवा. मोड बदलायचा राहून जातो आणि चाचण्यांतच फास्ट उडून जातो, ही नेहमीची चूक. उरलेले तास पुढच्या महिन्यात मिळत नाहीत.

कंपोझिटर: छपाईचं गणित वेगळं आहे. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए४ म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जादा कड) धरलं तर २५५१ × ३५७९. चौकोनी १०२४ पिक्सेलचं चित्र तसंच छापलं तर ८.७ सेंमी भरतं, दुप्पट केलं तरी १७.३. ए४ची रुंदीच २१ आहे! म्हणून शेवटचा अपस्केल बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये करावा लागेल, तो कुठल्याच प्लॅनमध्ये धरू नका. प्रॉम्प्टमध्ये सुरुवातीलाच ५:७ प्रमाण द्या, ते ए४च्या जवळ जातं. नंतर कापायला गेलात तर पात्राचे पाय जातात. आणि चित्रात मराठी मजकूर मागू नका. जोडाक्षरं मोडतात, वेलांट्या भलतीकडे चिकटतात. अक्षरं लेआउटमध्येच टाका.

बोरू: पुस्तक निघण्याआधी चित्रं कुणाला दिसायला नकोत. स्टँडर्डमध्ये जमेल?

हिशोबनीस: नाही. स्टेल्थ मोड (चित्रं इतरांपासून लपवणारा) फक्त प्रो आणि मेगा या वरच्या प्लॅनमध्ये आहे. बाकीच्या प्लॅनमधली चित्रं इतरांना दिसू शकतात. प्रो घेतलात तरी डिस्कॉर्डच्या (मिडजर्नी चालवता येतं ते चॅट ॲप) सार्वजनिक चॅनेलवर काम करू नका, तिथं स्टेल्थ असूनही चित्र सगळ्यांसमोर येतं. प्रकाशकाची वार्षिक उलाढाल १० लाख डॉलरच्या वर असेल तर तसाही प्रो किंवा मेगाच घ्यावा लागतो. ते आधी विचारून घ्या.

वर्षाच्या प्लॅनला सूट असते, पण पहिला महिना मासिकच घ्या. महिनाअखेरीला एका पक्क्या चित्रामागे किती जॉब गेले ते मोजा. आकडा १५च्या पुढे गेला तर आधी प्रॉम्प्ट सुधारा, प्लॅनचं नंतर बघू.